कन्सेप्ट कारच्या शेजारी ती बाई कशासाठी उभी असते?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सुटे करतो. सांगलीला तुमच्या मामांच्या गॅरेजमध्ये परदेशी मासिकातून कापून लावलेलं एक जुनं चित्र आहे. पांढरी, चपटी, चारही चाकं अर्धी झाकलेली, वर काचेचा घुमट असलेली गाडी आणि शेजारी चंदेरी कपड्यातली बाई. अशी, प्रदर्शनात नवी कल्पना दाखवायला केलेली गाडी म्हणजे कन्सेप्ट कार. ती खरी होती का आणि चालायची का, हा पहिला प्रश्न. अशा प्रत्येक चित्रात एक बाई का असतेच, हा दुसरा. तिसरा तुम्ही जाता जाता विचारलाय, पण सगळा खटाटोप त्याच्यासाठीच दिसतो. कॉलेजच्या फेस्टसाठी तुमच्या गटाने गाडीचं पूर्ण आकाराचं मॉडेल बनवलंय, त्याचे फोटो काढायचेत. निम्म्यांना शेजारी एक ग्लॅमरस मुलगी हवी आहे, निम्म्यांना ते चीप वाटतंय, आणि निवाडा तुमच्या गळ्यात पडलाय.

मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं ऐकायचं किती ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा पेणचा. आमच्याकडे घरचा गणपतींचा कारखाना, त्यामुळे हात शाडूत वाढले. पुढे शिल्पकला शिकलो आणि पिंपरी-चिंचवडमधल्या एका डिझाइन स्टुडिओत क्ले मॉडेलर म्हणून लागलो. सव्वीस वर्षं झाली, त्यातली चार इटलीत, तुरिनला गेली. मातीत गाडी घडवायची, तिचं शो मॉडेल करून घ्यायचं, ट्रकमधून उतरवायचं, स्टँडवर लावायचं आणि प्रदर्शन संपेपर्यंत फडकं घेऊन तिच्या आसपास राहायचं, हे माझं काम. शेजारी उभ्या राहणाऱ्या मुली मी पोस्टरवर कमी आणि स्टँडच्या मागच्या पडद्याआड, सँडल काढून पाय चोळताना जास्त पाहिल्यात.

आता मामांची गाडी. तुम्ही फोटो टाकलेला नाही, पण वर्णनावरून ती फेरारी ५१२ एस मॉड्युलो असणार. तुरिनच्या पिनिनफरिना या डिझाइन कंपनीकडे पाओलो मार्टिन या डिझायनरने ती केली आणि १९७० च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली. उंची ९३.५ सेंटिमीटर. जेवणाच्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला की होते तेवढीच. तिला दारं नाहीत. काचेचा घुमट अख्खा पुढे सरकतो आणि हौदात उतरावं तसं आत उतरायचं. खाली फेरारीच्या रेसिंग गाडीचा सांगाडा होता, त्या अर्थाने गाडी खरी. पण ती चालत नव्हती. चाळीसहून अधिक वर्षं ती ढकलूनच हलवली गेली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स ग्लिकेनहाउस यांनी ती विकत घेतली आणि खटपट करून चालती केली. २०१९ मध्ये मोनाकोत ती मागच्या बाजूने पेटली. इतकी वर्षं उभी होती तेव्हा काही झालं नाही, चालायला लागली आणि पेटली. आमच्या धंद्यातल्या कुणाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

मॉड्युलो एकटी नव्हती. १९६८ ते १९७१ या तीनेक वर्षांत तुरिनच्या स्टुडिओंमध्ये उंची कमी करण्याची चढाओढच लागली होती. १९६८ च्या पॅरिस प्रदर्शनात बर्टोने कंपनीने अल्फा रोमिओ काराबो आणली. हिरवी, पाचरीसारखी, वर उघडणाऱ्या दारांची, उंची ९९ सेंटिमीटर. डिझायनर मार्चेल्लो गांदिनी. मग मॉड्युलो आली. त्याच वर्षी तुरिनला गांदिनीनेच लान्सिया स्ट्रॅटोस झिरो मांडली, ८४ सेंटिमीटर. तिच्यात शिरायचं तर समोरची काच वर उचलायची आणि बोनेटवर पाय देऊन आत जायचं. ही मात्र चालायची. असं सांगतात की कंपनीचे मालक नुच्चो बर्टोने ती स्वतः चालवत लान्सियाच्या कारखान्यावर गेले आणि फाटकाचा आडवा दांडा न उचलता खालून आत शिरले. भर घालून सांगितलेली गोष्ट असेल, पण ८४ सेंटिमीटरला ती शक्य आहे. त्यातून पुढे लान्सियाची स्ट्रॅटोस रॅली कार झाली आणि तिने १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवलं. म्हणजे ही सगळीच नुसती चित्रं नव्हती.

लॅम्बोर्गिनी काउंटॅकचंही तसंच. १९७१ ला जिनिव्हात पिवळी धमक मांडली होती ती अगदी स्वच्छ, एका घावात कापल्यासारखी. विक्रीला आली १९७४ मध्ये. मधल्या काळात इंजिन तापायला लागलं म्हणून अंगावर हवा घ्यायचे खाचे आणि खांद्यावर डबे आले. आमच्या पिढीने हॉस्टेलच्या भिंतीवर लावली ती ही डबे लावलेली. मूळची पिवळी गाडी अपघाताच्या चाचणीत भिंतीवर आदळून संपवली. मला ही गोष्ट कधी कधी रात्री आठवते, पण ते सोडा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर 'खरी' या शब्दात आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. प्रदर्शनातल्या गाड्यांना आम्ही दोन नावं ठेवतो, पुशर आणि रनर. पुशर म्हणजे ढकलायची. रनर म्हणजे स्वतःच्या जोरावर हलणारी, बहुतेक वेळा पोटात छोटी विजेची मोटार घालून सायकलच्या वेगाने स्टेजवर येईल इतपत. दोन्हींचा जन्म सारखाच. फोमच्या सांगाड्यावर औद्योगिक माती थापतात. ही माती शाडूसारखी पाण्याने मऊ होत नाही. भट्टीत ५५-६० अंशांना तापवून लावायची आणि निवली की घट्ट बसते. मग दातेरी रेकने खरवडणं, पातळ पात्याने साफ करणं, लवचीक पट्टी टेकवून वळण तपासणं. डिझायनर काळी टेप लावून रेघ सुचवतो, आपण ती मातीत उतरवायची. शेवटी मातीवर डाय-नॉक नावाची चंदेरी फिल्म ताणून चिकटवतात, म्हणजे पत्र्यासारखी झळाळी येते आणि अंगावरून उजेडाची रेघ कशी धावते ते दिसतं. त्या रेघेसाठी आम्ही आठवडेच्या आठवडे घालवतो. मग साचा, फायबरचं कवच, रंग.

कवच म्हणजे कवचच. दार उघडत नाही, आत सीट नसते, काचा काळ्या असतात कारण त्यांच्यामागे प्लायवूड आणि क्लॅम्प असतात. पेणला मी लहान असताना विचारायचो की मूर्तीची पाठ एवढी साधी का. काका म्हणायचे, पाठीला नमस्कार कोण करतो? शो कारलाही पुढचा एक ठरलेला कोन असतो, पुढून तिरका, एक दिवा आणि एक बाजू दिसेल असा. सगळा जीव त्या कोनात ओतलेला असतो.

आता बाई. माझ्या मते ती तीन कामं करते आणि लोकांना फक्त तिसरं दिसतं.

पहिलं काम मापाचं. ८४ सेंटिमीटरची गाडी रिकाम्या स्टुडिओत ठेवून फोटो काढा. ती फक्त गाडीसारखी दिसेल. बुटकी आहे हे कळणारच नाही, कारण चाकं मोठी असतात आणि डोळा चाकावरून अंदाज बांधतो. शेजारी माणूस उभं केलं आणि छप्पर त्याच्या कमरेच्या खाली आलं की बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. आपल्या रोजच्या स्विफ्टसारख्या गाडीचं छप्पर दीड मीटरच्या आसपास असतं, ते माणसाच्या खांद्याशी येतं. तेव्हा चित्रातली बाई ही मोजपट्टी आहे. उंच मॉडेल घेतात, वर टाचांचे बूट देतात, कारण मोजपट्टी लांब केली की गाडी आणखी बुटकी दिसते. ही लबाडी आहे आणि ती आम्ही सगळे करतो.

दुसरं काम झाकायचं. माझ्या हातून गेलेल्या निदान चार गाड्यांत मुलीची जागा आम्ही ठरवली होती, डिझायनरने किंवा फोटोग्राफरने नाही. दाराची फट जिथे जुळली नव्हती तिथे तिने उभं राहायचं. एकदा मागच्या दिव्याची काच वेळेवर आली नाही, तर तिथे एक मुलगी हात टेकवून अडीच दिवस उभी होती. टेकवून म्हणजे टेकवल्यासारखं करून, कारण फायबरवर खरंच भार दिला तर ते तडकतं. नीट बघाल तर अशा फोटोंमध्ये बोटं गाडीपासून केसभर वर असतात. ते सगळं वजन पोटऱ्यांवर असतं. करून बघा दहा मिनिटं.

तिसरं काम सगळ्यांना माहीत आहे, लक्ष वेधायचं आणि हाव जागवायची. याची पद्धतशीर शाळा अमेरिकेत सुरू झाली. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांची १९३८ ची ब्यूक वाय-जॉब ही बहुतेक लोक पहिली कन्सेप्ट कार मानतात. लपणारे दिवे, विजेवर चालणाऱ्या काचा, आणि अर्ल साहेब ती वर्षानुवर्षं स्वतः वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ ते १९६१ या काळात कंपनीने मोटोरामा नावाची फिरती प्रदर्शनं केली. वाद्यवृंद, नर्तिका, नव्या फॅशनच्या कपड्यांतल्या मॉडेल आणि मध्ये फिरत्या चौथऱ्यांवर गाड्या. एक कोटीहून जास्त लोकांनी ती पाहिली. कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार १९५३ च्या जानेवारीत तिथेच दिसली आणि त्याच वर्षी विक्रीला आली, पहिल्या वर्षी ३०० गाड्या. फायरबर्ड ३ या कन्सेप्ट कारमध्ये स्टीअरिंगचं चाकच नव्हतं, विमानासारखा दांडा होता. ही सरळ नाटक कंपनी होती. गाडी हिरॉईन, मुलगी साइड हिरॉईन, आणि तिकीट नसलेला प्रेक्षक उद्याचा गिऱ्हाईक. आपल्याकडे ऑटो एक्स्पो १९८६ ला दिल्लीच्या प्रगती मैदानावर सुरू झाला, तेव्हा हाच साचा तयार मिळाला.

चंदेरी कपडे आले ते पुढच्या दशकात. माणूस चंद्रावर निघाला होता, प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम म्हणजे भविष्य असं वारं होतं. १९६६ ला पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर पाको राबान यांनी बारा पोशाखांचा संग्रह दाखवला, त्याच्या नावातच हे कपडे घालता येणार नाहीत असं होतं. धातूच्या चकत्या कड्यांनी जोडलेले झगे. घालता न येणारे कपडे आणि चालवता न येणाऱ्या गाड्या चार वर्षांच्या अंतराने आल्या आणि एका फोटोत शेजारी उभ्या राहिल्या. मामांच्या चित्रातली जोडी मला त्यामुळे अगदी जमलेली वाटते. तिथे बाई आणि गाडी एकाच शिंप्याने शिवल्यासारख्या आहेत.

पण सगळीकडे इतकी समज नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात टीव्हीआर या छोट्या इंग्लिश कंपनीने स्टँडवर चक्क विवस्त्र मॉडेल उभ्या केल्या. गर्दी तोबा झाली. त्या वर्षीची त्यांची गाडी कोणती होती ते आज किती जणांना सांगता येईल? गॅरेजच्या कॅलेंडरांची परंपराही हीच. पिरेली या टायर कंपनीचं कॅलेंडर १९६४ पासूनचं. ते विकायला नसतंच, निवडक गिऱ्हाइकांना भेट जातं, आणि त्यात टायर क्वचितच दिसतो. तेलाच्या संकटामुळे १९७५ ते १९८३ ते बंद होतं. आपल्या गॅरेजांपर्यंत खरं पिरेली कुठलं पोचायला, आपल्याकडे त्याची स्वस्त नक्कल आणि कापलेली मासिकं.

सिनेमात आणि टीव्हीवर या गाड्यांना दुसरा जन्म मिळतो, ते थोडक्यात सांगतो. लिंकन फ्युचुरा ही १९५५ ची कन्सेप्ट कार तुरिनच्या घिया या कंपनीकडे हाताने बनली. प्रदर्शनांत फिरून निरुपयोगी झाली आणि कॅलिफोर्नियात, गाड्यांची रूपं बदलून देणाऱ्या जॉर्ज बॅरिसच्या अंगणात पडून राहिली. १९६६ च्या 'बॅटमॅन' टीव्ही मालिकेसाठी त्याने तिचीच बॅटमोबील, म्हणजे बॅटमॅनची गाडी केली. ती २०१३ मध्ये लिलावात ४६ लाख डॉलरला गेली. आपल्याकडे २००४ च्या 'टार्झन' सिनेमातली जांभळी गाडी दिलीप छाब्रियांच्या डीसी या कंपनीने टोयोटा एमआर२ वर बांधली. शाळकरी वयात ती पाहून डिझाइनला आलेली निदान तीन मुलं माझ्या हाताखाली काम करून गेली आहेत. त्या गाडीला आम्ही कितीही नाकं मुरडली तरी हे मान्य करावं लागतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर गाडी खरी होती पण बहुतेक काळ चालत नव्हती, आणि बाई मापासाठी, झाकण्यासाठी आणि हावेसाठी होती. तुमच्या गटाचं भांडण फक्त तिसऱ्या कारणावर चाललंय. पहिली दोन तुमच्या लक्षातच आलेली नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या निम्म्या मुलांना सांगा ज्यांना वाटतं की बाई ही गाडीबाहेरचीच. १९५० च्या दशकात त्याच हार्ली अर्लनी स्टुडिओत डिझायनर म्हणून मुली घेतल्या. कंपनीच्या प्रसिद्धी खात्याने त्यांना 'डॅमझेल्स ऑफ डिझाइन' म्हणून मिरवलं, आणि ते नाव त्या मुलींना आवडत नसे. आपल्याकडे कुणी 'डिझाइन सुंदऱ्या' म्हटलं असतं तर काय वाटलं असतं, तसं. त्यांनी १९५८ मध्ये स्वतःच्या कल्पनांच्या गाड्यांचं वेगळं प्रदर्शन केलं. त्याच वर्षाअखेर अर्ल निवृत्त झाले आणि नंतरच्या साहेबांना बायका डिझायनर म्हणून नकोच होत्या. दुसरीकडे डॉज या अमेरिकन कंपनीने १९५५ ला 'ला फाम' नावाची गुलाबी गाडी काढली, सोबत जुळणारी पर्स, लिपस्टिक आणि छत्री. दोन वर्षांत गुंडाळली. बायकांना गुलाबी गाडी नको होती, नीट उघडणारी डिकी हवी होती.

हे ओळखायला २००४ उजाडलं. व्होल्वोने जिनिव्हात वायसीसी ही कन्सेप्ट आणली, तिची आखणी आणि निर्णय स्त्रियांच्या चमूचे. डोकं टेकायच्या उशीला पोनीटेलसाठी खाच होती, काच धुवायचं पाणी पेट्रोलच्या तोंडाशेजारीच भरायची सोय होती, आणि बोनेट मालकाने उघडायचंच नाही, गॅरेजवाल्याने उघडायचं. विक्रीला आली नाही, पण मला त्या पाचरींपेक्षा ती जास्त भविष्यातली वाटते. आपल्याकडे महिंद्राची एक्सयूव्ही५०० आणि नंतरची थार ज्यांच्या हाताखालून गेली त्या डिझायनर रामकृपा अनंतन मुंबईच्या आयआयटीत, तिथल्या आयडीसी या डिझाइन शाखेत शिकलेल्या. फेस्टमध्ये गाडीशेजारी कोण उभं राहावं यावर भांडताना ही नावं जरा आठवा.

बाकी जग बदललंय. शांघायच्या प्रदर्शनाने २०१५ मध्ये स्टँडवरच्या मॉडेल बंद केल्या, फॉर्म्युला वनने २०१८ मध्ये ग्रिडवरच्या, म्हणजे शर्यत सुटण्याआधी गाड्यांपाशी उभ्या राहणाऱ्या मुली बंद केल्या. मला यात निव्वळ आनंद होत नाही, हेही सांगतो. ज्या मुली ते काम करत होत्या त्यांचं काम गेलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, ठेवतानाही आणि काढतानाही.

एक प्रसंग सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रदर्शनात आमची शो कार होती, गडद लाल. शेजारी डोंबिवलीची एक मुलगी, दिवसाला नऊ तास, बसायला खुर्ची नाही, कारण खुर्ची फोटोत येते. दुसऱ्या दिवशी मी तिला उभं राहायला मॉडेलच्या फोमचा तुकडा कापून दिला, वर स्टँडच्याच गालिच्याचं कापड. बाहेरून कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर ती म्हणाली, "दादा, इथे उजेड अडकतो बघा." पुढच्या चाकाच्या वर बोट दाखवत होती. मी म्हटलं कुठे, मला तर काही दिसत नाही. ती म्हणाली, "तुम्ही समोरून बघताय. माझ्या जागेवर या." गेलो. तिच्या उंचीवरून, तिच्या कोनातून, उजेडाची रेघ त्या जागी अर्ध्या बोटाएवढी डचमळत होती. मुख्य डिझायनर, दोन साहेब आणि मी, आम्ही सगळे पुढच्या कोनातून बघत राहिलो होतो. तिने तीन दिवस त्या फेंडरकडे वरून बघितलं होतं, आणि आपल्या चेहऱ्यावर उजेड कसा पडतो हे वर्षानुवर्षं जोखत आलेल्या माणसाचा डोळा होता तिचा. पुण्याला परत येऊन क्लेवर पट्टी लावली. चूक होती. दुरुस्त केली. त्या गाडीच्या कुठल्या कागदावर तिचं नाव नाही. माझंही नाही म्हणा.

आता तुमचं शूट. उत्तर कशावर अवलंबून आहे ते आधी सांगतो. फोटो ज्युरीला किंवा पोर्टफोलिओला द्यायचे असतील तर माणूस लागतोच, पण मापासाठी. फेस्टच्या पोस्टरसाठी असतील तर माणसाशिवायही चालेल, कारण लोक प्रत्यक्ष येऊन गाडी बघणार आहेत. तुमचं मॉडेल पुशर आहे, आत काही नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग काचेतून आत बघणारी किंवा दाराला हात घातलेली पोझ घेऊ नका, खोटेपणा तिथेच उघडा पडतो.

माझा सल्ला असा की माणूस ठेवा, आणि तो गाडीशी काहीतरी करताना ठेवा. ज्या मुलीने किंवा मुलाने तुमच्या गटात क्ले खरवडली त्यालाच हातात रेक देऊन उभं करा, कामाच्या कपड्यांत. गटात कुणाला खरंच ग्लॅमर शूट करायचं असेल, एखादीला स्वतःला तशी हौस असेल, तर त्यातही काही वाईट नाही. चंदेरी कपडे घाला, मजा करा, पण मग गाडी आणि कपडे एका विचाराने ठरवा. नाहीतर फोटोत गाडी एकीकडे आणि मुलगी दुसरीकडे जाते. बाहेरून व्यावसायिक मॉडेल आणणार असाल तर एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या. किती तास, किती पैसे, फोटो कुठे कुठे जाणार, आणि तिने सांगितल्यावर कुठला फोटो काढून टाकायचा. कपडे बदलायला दार लागणारी खोली आणि एक खुर्ची. 'वर्गातलीच आहे, तिला काय द्यायचं' असं म्हणणाऱ्या मुलाला शूटच्या दिवशी दहा मिनिटं टाचांचे बूट घालून उभा करा.

आणखी एक जमलं तर करा. एखाद्या फोटोत साडीतल्या बाईला शेजारी उभं करा, कॉलेजमधल्या मावशी असोत की तुमची आई. आम्ही स्टुडिओत बसण्या-उतरण्याची चाचणी साडीतही घेतो, कारण साडीत पाय किती उंच उचलता येतो यावर दाराचा उंबरठा ठरतो. तुमच्या ज्युरीत कुणी धंद्यातलं असेल तर हा एक फोटो बघून तो तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलेल.

तांत्रिक थोडं. कॅमेरा खाली घ्या, दिव्याच्या उंचीला किंवा त्याहून जरा वर. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलात तर छप्पर दिसतं आणि गाडी पसरट वाटते. लांब लेन्स वापरा आणि मागे सरका, मोबाइलच्या रुंद लेन्सने पुढचं नाक सुजतं. गाडीचा फोटो म्हणजे तिच्यावर पडलेल्या आकाशाचा फोटो, तेव्हा सूर्य मावळल्यावरची वीस मिनिटं धरा आणि मोकळं मैदान शोधा. झाडाखाली काढलात तर अंगावर फांद्या उमटतील. उभ्या माणसाला पुढच्या चाकाच्या जरा मागे ठेवा, टेकू देऊ नका, आणि कॅमेऱ्यापासून गाडीच्या तेवढ्याच अंतरावर ठेवा. तो पुढे आला तर गाडी बुटकी दिसेल, मागे गेला तर मोठी. ही लबाडी करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ज्युरीच्या फोटोत करत नाही.

पुढची चाकं अशी वळवा की रिमचा चेहरा कॅमेऱ्याकडे येईल. चारही चाकांच्या मधल्या टोप्यांवरचं चिन्ह उभं सरळ करून घ्या, हे सगळे विसरतात. आणि एक मऊ सुती कापड खिशात ठेवा, बोटांचे ठसे उमटतातच. नव्या कापडाने चरे पडतात. पेणला रंगाआधी मूर्ती पुसायला जुनं, पन्नासदा धुतलेलं धोतर वापरतात. माझ्याकडे अजून त्यातलाच एक तुकडा आहे.